अध्यक्षांनी टांग टाकली!

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात दोन गोष्टी फेकून द्यायची पद्धत नव्हती. एक, रद्द झालेली ड्रॉइंगं. दोन, कोणाची झालेली फजिती! ड्रॉइंगं कपाटावर गुंडाळून पडलेली असायची, आणि फजित्या जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की उलगडायच्या. दर वेळी थोडी भर पडायची. असं करत करत एकेकाच्या नावावर एवढे किस्से जमले की बिचाऱ्याचं खरं काम कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

माझंच बघा ना! कंपनीसाठी इतके पंप ड्रॉ केले, पण आज कुठल्या लग्नात जुनं माणूस भेटलं की पंपाचं नाव नाही. पहिला प्रश्न, "काय करमरकर, सायकल काय म्हणतेय?" आणि मी ताटातल्या जिलबीकडे बघत बसतो.

तर मूळ गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. भांडुपला आग्रा रोडवर आमची कंपनी, मी तिथे चीफ ड्राफ्ट्समन. कंपनीत एक सायकल क्लब होता. त्या क्लबचा मी अध्यक्ष होतो.

आणि मला सायकल येत नव्हती!

हसू नका. लहानपणी गिरगावातल्या चाळीत सायकल हाती आली नाही, मग कॉलेज, मग नोकरी, मग वय झालं. डोक्यावरचे केस निम्मे गेल्यावर "मला जरा मागून धर रे" असं म्हणायचं कोणाला? आणि हे उघड झालं असतं, तर त्या ऑफिसात पुन्हा तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

*

अध्यक्ष झालो कसा, ते ऐका.

आमच्या स्टोअरमध्ये गावडे होता. मूळचा कुडाळकडचा, राहायला भांडुपला खिंडीपाड्यात, डोंगरावरच. एका सोमवारी तो लंगडत आला. रविवारी भाड्याची सायकल घेऊन कान्हेरीला गेला होता.

"सायेब, चढाक माझो जीव गेलो! सायकल फुडे जाईच ना!"

आता हा प्रश्न माझ्यासमोर यायला नको होता. मी डबा बाजूला सारला, पेन्सिल काढली आणि पुढचं चक्र किती दात्यांचं, मागचं किती दात्यांचं, चढाला काय हवं, उताराला काय हवं, सगळं झरझर काढून दाखवलं. दहीभात तसाच राहिला. सगळं ऑफिस भोवती गोळा झालं.

"च्यायला, झकास!" मिलिंद म्हणाला. हा आमचा ज्युनिअर, बोरिवलीचा. तोंडाला कुलूप नाही. "सर, तुम्ही कॉलेजात रेसबिस मारायचात की काय?"

मी हसलो. बस, एवढंच केलं! तोंडातून एक शब्द खोटा काढला नाही. नुसतं हसलो.

त्या हसण्यावर मी संध्याकाळपर्यंत अध्यक्ष झालो होतो.

*

पुढे कंपनीच्या वेल्फेअर कमिटीनं क्लबला सायकल मंजूर केली. किती? एक! कॅरमला जसा एकच बोर्ड, तशी सायकल क्लबला एकच सायकल. ती आळीपाळीनं चालवायची, बाकीच्यांनी नेहमीसारख्या तासावरच्या भाड्याच्या घ्यायच्या. आणि ती निवडायची कोणी? अध्यक्षांनी!

मागण्या ऐकाल तर चक्कर येईल. गावडेला खिंडीपाड्याचा उभा चढ चढायचा होता. मिलिंदला येऊरच्या दगडधोंड्यांतून धडधडत खाली यायचं होतं. आमच्या ट्रेसर, म्हणजे ड्रॉइंगं गिरवून काढणाऱ्या, सुलभा टिपणीस, घाटकोपरच्या, त्यांना कान्हेरीचा लांबलचक रस्ता न दमता चढायचा होता आणि शिवाय पवईच्या उतारावर ब्रेक लागायला हवे होते. त्यांनी एक अट घातली. "सर, मधला दांडा खाली पाहिजे हं. क्लबमध्ये साडीवाली पण आहे, हे विसरू नका!"

एक सायकल आणि एवढे डोंगर! मी आठवडाभर ड्रॉइंग बोर्डावर वाकलो होतो. चढाचा कोन, टायरची जाडी, हँडलची उंची. पंपाची ड्रॉइंगं पडून राहिली. खरं सांगतो, ती सायकल मला बसता येत नसूनसुद्धा आवडायला लागली होती. बहुतेक बसता येत नव्हतं म्हणूनच.

मग सगळे मिळून कुर्ल्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं तीन सायकली पुढे केल्या. एक दूधवाल्याची असते तशी काळी, भारदस्त. दुसरी रेसची, वाकड्या शिंगांची. तिसरी नवीनच आलेली, जाड खरबरीत टायर, सरळ हँडल, मागे पाच गिअर.

मी चाकं फिरवून पाहिली. टायर दाबून पाहिले. स्पोक वाजवून पाहिले. पट्टी लावून मापं घेतली. पुन्हा टायर दाबले.

शेवटी दुकानदार वैतागला. "साहेब, सायकल घेताय की दुधी भोपळा? बसून एक चक्कर मारा ना!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"ट्रायलची गरज ज्याला कॅल्क्युलेशन जमत नाही त्याला!" मी म्हणालो.

मिलिंदनं टाळी वाजवली. दुकानदारानं मात्र मला खालपासून वरपर्यंत असं काही पाहिलं, की मी पट्टी खिशात घालून रस्त्यावरच्या बसचे नंबर वाचायला लागलो.

जाड टायरवालीच ठरवली. गिअर खालचा टाकला की चढ, वरचा टाकला की सपाट, टायर दगडाला पुरून उरणारे आणि मधला दांडा उतरता. निवड अशी की आजही कोणी चूक काढून दाखवावी! फक्त दुकानात रंग पसंत पडेना म्हणून ती दोन-तीन महिन्यांनी मिळणार होती.

*

मधल्या काळात क्लबच्या सहली चालूच होत्या आणि अध्यक्षांना जावं लागायचं. माझी एक पद्धत बसलेली होती. सगळ्यांना म्हणायचं, "तुम्ही व्हा पुढे, मी चढाचा अभ्यास करत येतो." ते वळणाआड गेले की मी सायकल हातात धरून चालायला लागायचो. चढाला चढाचा अभ्यास, उताराला ब्रेकचा अभ्यास! त्या डोंगरांचा माझ्याइतका अभ्यास कोणाचा झाला नसेल.

एकदा कान्हेरीच्या रस्त्याला मी असा चाललो होतो. समोरून फॉरेस्टचा गार्ड आला.

"काय साहेब, पंक्चर?"

"हो ना," मी म्हणालो. संपलं असतं तिथे. पण माणूस नेमका भला निघाला! त्यानं माझ्या हातातून सायकल घेतली, उलटी केली, दोन्ही चाकं फिरवून बघितली, टायर दाबले. दगडासारखे टणक!

"पंक्चर तर नाही."

"नाही?" मी म्हणालो. "अरे वा! मग आता बरी झाली असेल."

म्हणजे सायकलला काय सर्दी झाली होती? पण तोंडातून गेलं ते गेलं. त्यानं सायकल सरळ केली, माझ्या हातात दिली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मी बसून जातो ते बघायला! मी खाली वाकलो. बुटाची लेस बांधतोय असं दाखवायला. पायात कोल्हापुरी होत्या!

तो काही बोलला नाही. निघून गेला. पण ते न बोलणं मला बोरिवली स्टेशनपर्यंत ऐकू येत होतं.

*

पवईचा किस्सा तर विचारूच नका.

तलावाच्या बाजूच्या चढावर मिलिंदच्या भाड्याच्या सायकलचं डावं पेडल करकरायला लागलं. काढून बसवायचं ठरलं. मिलिंद पान्यावर लटकला, गावडे लटकला, पेडल ढिम्म हलेना. उलट आणखी घट्ट!

"वाट लागली यार," मिलिंद म्हणाला.

हा मात्र माझा प्रांत. मी काठी घेऊन मातीत आकृती काढली. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे. का? तर चालवताना ते आपोआप सुटू नये म्हणून. सुलभाताई अगदी वाकून बघत होत्या. मी त्यांच्याच हातात पाना दिला. "आता उलटं फिरवा." त्यांनी एका झटक्यात पेडल सोडवलं! आम्ही सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. माझी छाती फुगली.

पेडल बसवून झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, "सर, तुम्हीच एक चक्कर मारून बघा ना, बरोबर बसलंय का ते."

मी मटकन खाली बसलो. "आई गं! पायात गोळा आला!"

मग काय, धावपळ! कोणी पाय चोळतंय, कोणी पाणी आणतंय. मी लंगडत लंगडत चहाच्या टपरीपर्यंत आलो. चहा झाला, पुन्हा लंगडत निघालो.

गावडे मागून म्हणाला, "सायेब, मगाशी उजवो पाय होतो ना?"

माझा पाय हवेतच राहिला. आता कुठला टेकू? तेवढ्यात सुलभाताई गावडेवर खेकसल्या, "गावडे, गोळा फिरतो! तुम्हाला काय माहीत?" आणि मिलिंद तिथेच वळून तलावातली बदकं मोजायला लागला.

सुटलो, असं मला वाटलं. कोणाच्या काही लक्षात आलं नाही, असं मी स्वतःला मुलुंडला घरी पोचेपर्यंत बजावत होतो.

*

आणि मग ती नोटीस लागली. नवीन सायकलचं उद्घाटन कंपनीच्या वार्षिक दिनाला, सहकुटुंब. पहिली फेरी अध्यक्ष मारतील! ऑफिसच्या पायरीपासून गेटपर्यंत आणि परत.

नोटीस वाचून घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. लग्नाला एवढी वर्षं झाली होती, तिलाही ठाऊक नव्हतं! कुसुम आधी पदर तोंडाला लावून हसली. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायची थांबली.

"राजीनामा देतो," मी म्हणालो. "लोकांसमोर पडण्यापेक्षा ते बरं."

"काही नको राजीनामा! मी सांगलीची आहे. शाळेत सायकलवरून जायचे. उद्या पहाटे उठा."

दुसऱ्या दिवसापासून मुलुंडच्या आमच्या गल्लीमागच्या मैदानात तमाशा सुरू झाला. भाड्याच्या सायकलवर मी पुढे, ती कॅरिअर धरून मागे, पदर खोचलेला. आणि मैदानाच्या कडेला दूध केंद्राची रांग! म्हणजे अर्धी कॉलनी बाटल्या हातात घेऊन प्रेक्षक. लाजेनं मी मफलर गुंडाळून जायचो, तर रांगेतून कोणीतरी ओरडायचं, "करमरकर, मफलर चाकात जाईल हं!"

पडलो. गुडघे फुटले. ऑफिसात सांगितलं, बाथरूममध्ये घसरलो. पुन्हा पडलो. पुन्हा बाथरूम! गावडे काकुळतीला येऊन म्हणाला, "सायेब, त्या बाथरूमाची फरशी तरी बदलून घेवा!"

एके दिवशी मी मैदानाला फेरी मारताना ओरडत होतो, "कुसुम, सोडू नकोस हं! सोडू नकोस!" समोर बघतो तर कुसुम दुधाच्या रांगेत उभी! शेजारणीशी गप्पा मारत होती. मला बघून तिनं बाटली वर केली.

त्या दिवशी मी घरी येऊन रडलो. सांगायला लाज वाटते, पण रडलो. केस गेलेला माणूस, सायकल आली म्हणून!

*

वार्षिक दिनाच्या आदल्या संध्याकाळी सायकल आली. हार घालून तिला ऑफिसच्या पायरीशी स्टँडवर उभी केली. मी टेबल आवरत होतो.

आधी गावडे आला. "सायेब, उद्या तुमीच चालवतलात?"

"मीच!"

त्याचं तोंड उतरलं. तो गेला.

मग मिलिंद आला. "सर, उद्या... तुम्हीच ना? की जनरल मॅनेजरना द्यायची?"

"मीच रे! बघच तू!"

तोही मान खाली घालून गेला. शेवटी सुलभाताई. त्यांनी काही विचारलं नाही. "सर, तब्येत बरी आहे ना? उद्या पायात गोळा आला तर सांगा हं, लाजू नका," एवढं म्हणाल्या.

"गोळाबिळा काही नाही! उद्या बघा!"

आपल्याला पहिली फेरी मिळाली नाही म्हणून बिचारे हिरमुसले, असं मला वाटलं. मी शीळ घालत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी अंगणात खुर्च्या, माणसं, पोरं, पुढच्या रांगेत जनरल मॅनेजर, त्यांच्या मागे कुसुम, नवीन साडी नेसून. माझं नाव पुकारलं. माझा एकच हिशेब होता, थांबायचं नाही. थांबलो तर सगळं विसरेन. हार हँडलवर सरकवला, सायकल स्टँडवरून ढकलली, दोन पावलं पळालो आणि टांग टाकली!

बसलो, तसं सीट खचकन खाली गेलं. गुडघे छातीला लागले. तरी मी सोडलं नाही! पाय मारला, तर मागचं चाक फसक फसक करायला लागलं, त्यात हवाच नव्हती. स्टँडवर चाक अधांतरी होतं, कळणार कसं? दुसरा पाय मारला, आणि डावं पेडल निघून गडगडत जनरल मॅनेजरच्या बुटापाशी गेलं. मी पडलो. सगळ्या कंपनीसमोर, बायकोसमोर, हारासकट!

मग पोरं हसली. मग सगळेच हसले.

जनरल मॅनेजर लालबुंद होऊन उठले. "ही सायकल आजच्या आज दुकानात परत! आणि क्लबही बंद! कोणी निवडली ही?"

मी खाली पडल्या पडल्या पेडलकडे बघत होतो. आटे जसेच्या तसे, नवे कोरे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते आपोआप सुटत नाही. कोणीतरी पान्यानं, बरोबर दिशेनं, सोडवून ठेवलं होतं. ती दिशा मी पवईला मातीत काढून दाखवली होती आणि एकाच बाईच्या हातात पाना दिला होता.

मी वर पाहिलं. सुलभाताई जमिनीकडे बघत होत्या. गावडे सदऱ्याचं बटण पिळत होता. मिलिंद आकाशातली बदकं मोजत होता, आणि आकाशात बदकं नव्हती.

इतके दिवस कोणापासून लपवत होतो मी? माझी लाज राखायला, दोष सायकलवर जावा म्हणून केलेला हा उद्योग! आणि आता सायकल खराब म्हणून परत गेली, तर दुकानदार ती उघडून बघणार, आणि ह्या तिघांच्या नोकरीवर यायचं.

मी उठलो, कपडे झटकले. जे एवढी वर्षं तोंडातून निघालं नव्हतं, ते माइकसमोर जाऊन बोललो.

"साहेब, सायकल उत्तम आहे. दोष माझा आहे. मला सायकल चालवता येत नाही."

कोणी हसलं नाही. आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून कुसुम ताडकन उभी राहिली.

"खोटं बोलतायत! चांगली येते त्यांना! महिनाभर मागे धावलेय मी!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. जनरल मॅनेजरनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "येते? मग चालवून दाखवा!"

काय बिघडलंय, ते कोणी कोणाला विचारलं नाही. गावडे पंप घेऊन धावला तो थेट मागच्या चाकाशी. मिलिंद पाना घेऊन धावला तो थेट सीटच्या बोल्टाशी. सुलभाताईंनी साहेबांच्या बुटापासचं पेडल उचललं, डाव्या बाजूला बसल्या आणि न बघता उलटं फिरवून घट्ट केलं.

मग तिघांनी एकदमच मान वर केली आणि एकमेकांकडे पाहिलं. गावडेच्या हातातला पंप थांबला.

"गे बाये," तो म्हणाला, "तुका पण म्हायत होतां?"